अळणी भात

"मालनताई, उद्यापासून तांदळाचं एक मोठं पातेलं जास्तीचं लावा. आणि त्यात मीठ घालू नका."

"कुणी पथ्यावर आहे का मॅडम?" मी विचारलं.

ऋजुता मॅडम हसल्या. "माणसांसाठी नाही हो. गॅस प्लांटसाठी."

मी हातात झारा धरून उभी राहिले. मला आधी वाटलं, पोरगी चेष्टा करतेय. तशी ती चेष्टेखोर नव्हती, पण माणूस कधीतरी करतो. मी तोंडाकडे बघत राहिले, तर त्या पुढं बोलतच होत्या. प्लांटवाल्यांनी सांगितलंय, मीठ नको, लिंबू नको, कांद्याची सालं नकोत. नुसता मऊ भात. शिजला की निवू द्यायचा आणि बादल्या भरून मागं पाठवायचा.

"खरकटं घालायचं असतं ना त्यात?" मी म्हटलं.

"खरकटं उरतंय कुठं आता? तुम्हीच तर शून्यावर आणलंत!" असं म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. कौतुक केलं हो माझं! तळपायाची आग मस्तकात गेली, पण गॅसवर आमटी उतू जायला आली होती म्हणून मी वळले.

तुम्हाला नीट सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही बाई फुगवून सांगतेय.

मी तेव्हा एमआयडीसीतल्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीत, कँटीनची मुख्य स्वयंपाकीण होते. मालक आमचे, म्हणजे माझे यजमान, तिथंच फाउंड्रीत होते, ते गेले आणि मला कँटीनमध्ये घेतलं. चांगली बारा-चौदा वर्षं मी त्या भटारखान्यात काढली. कंपनीत दोन जातीची माणसं. एक कायमची, त्यांच्या गळ्यात कार्ड. ते कार्ड दाराशी लावलं की ताट मिळायचं. दुसरी ठेकेदाराची. काम तेच, उलट जास्त घाणीचं. भट्टीची राख काढणं, वाळू उपसणं, संडास धुणं. त्यांना कार्ड नाही, म्हणून ताटही नाही.

पण मागचं दार होतं. भटारखान्याचं मागचं दार, जिथून भाजी आत यायची. दुपारची शेवटची पंगत उठली की पातेल्यात जे स्वच्छ उरलेलं असायचं, ते मी त्या दारात वाढायची. ठेकेदाराची माणसं आपापले डबे घेऊन रांगेत बसायची. माझ्या आधीच्या बाईनंही तेच केलं होतं, तिच्या आधीच्या आचाऱ्यानंही. कुणी हुकूम काढला नव्हता आणि कुणी मना केलं नव्हतं. पानात टाकलेलं उष्टं असायचं, ते एक म्हातारा म्हशींना घेऊन जायचा. तेव्हा वाया काही जात नव्हतं, फक्त ते कुणी मोजत नव्हतं.

मग ऋजुता मॅडम आल्या. वय असेल अठ्ठावीस-तीस, गोड बोलायच्या, घाम आला तरी भटारखान्यात येऊन उभ्या राहायच्या. वाईट नव्हत्या त्या, हे मी आजही म्हणते. त्यांचं कामच ते होतं, कंपनीला पर्यावरणात पुढं न्यायचं. पाण्याचं एक लक्ष्य, विजेचं एक लक्ष्य, आणि आमच्या वाट्याला आलं अन्नाचं. वाया जाणारं अन्न शून्य. जेवणाच्या हॉलबाहेर भला मोठा फलक लागला, रोज किती टाकलं त्याचा आकडा लाल अक्षरात. आणि पहिल्याच आठवड्यात मागचं दार बंद झालं.

"न मोजलेलं अन्न बाहेर जाता कामा नये, ताई," त्या म्हणाल्या. "कुणाला काही बाधलं तर कंपनी अडकेल. शिवाय ते आमच्या हिशेबात वायाच धरलं जातं."

"पोटात गेलेलं वाया कसं?"

"कागदावर तसंच येतं हो."

मी भांडले. भांडायला मला कुणी शिकवायला नको. तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं आणि शब्द दिला. "तुम्ही हा आकडा शून्यावर आणा. जेवढं धान्य वाचेल, त्यातून मी ठेकेदाराच्या लोकांना कार्ड मिळवून देते. मागच्या दारात कशाला, हॉलमध्ये बसून जेवतील. माझा शब्द आहे."

हॉलमध्ये बसून! मी त्या दिवशी घरी जाताना किती खुश होते म्हणून सांगू. मागच्या दारात मी वाढायची खरी, पण उकिडवं बसून डबा पुढं करणारी माणसं बघायला मला कधीच बरं वाटलं नव्हतं. मी जाऊन सगळ्यांना सांगितलं. सगळ्यात आधी सांगितलं हणमंतदादांना.

हणमंत वायदंडे. पन्नाशीपुढचा माणूस, वाळूच्या धुरळ्यानं भुवया कायम पांढऱ्या. बायको दोन वर्षांमागं गेली, मूलबाळ नाही. खोलीवर एकटे राहायचे. रात्री भाकरी थापायचे, ती एकच जाड भाकरी, निम्मी रात्री खायची आणि निम्मी सकाळी. दुपारचं जेवण म्हणजे माझं मागचं दार. ते बंद झालं तेव्हा रांगेतले बाकीचे कुरकुरले, हे मात्र गप्प राहिले.

"अक्का, कार्डावर फोटू असतो का वं?" त्यांनी विचारलं होतं.

"असतो की."

"मग दाढी करून यायला पायजे."

असं बोलणं. तेव्हापासून ते येताजाता विचारायचे, "कुठवर आलाय आकडा?" आणि आम्ही आणलाही तो खाली. पोळ्या मोजून लाटल्या, भात थोडा थोडा लावला, हॉलमध्ये उभं राहून वाढपं केली, जो टाकेल त्याला चारचौघांत बोलले. ठेकेदाराची माणसंसुद्धा दुपारी उपाशीपोटी येऊन कायमच्या लोकांना सांगायची, "बाबा, टाकू नको रं पानात, आमचं कार्ड अडकलंय त्यात." आणि एक दिवस फलकावर खरोखर शून्य आलं. टाळ्या वाजल्या. पेढे वाटले. पेढे ठेकेदाराच्या माणसांनाही मिळाले, नाही म्हणणार नाही.

कार्ड मात्र आलं नाही. त्याच्याऐवजी आली ती टाकी. भटारखान्याच्या मागं, बरोबर त्या दाराच्या समोर, हिरव्या रंगाची, वर हौदासारखं तोंड. उष्टं घालायचं आणि गॅस काढायचा. हे म्हणे दुसरं लक्ष्य होतं, आधीच मंजूर झालेलं. टाकी बसली तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही, की पहिलं लक्ष्य पुरं झालंय म्हणजे दुसऱ्याच्या पोटाला काही उरलेलं नाही. आता टाकी उपाशी राहिली तर आतले जंतू मरतात, गॅस बंद पडतो. आणि पुढच्या आठवड्यात दिल्लीहून पाहुणे येणार होते, बक्षीस द्यायचं की नाही ते ठरवायला. गॅसची शेगडी पेटलेली दिसायला हवी होती.

म्हणून भात. ताजा, मऊ, बिनमिठाचा.

"मॅडम, आणि कार्डांचं?" मी त्या दिवशी विचारलंच.

"बक्षीस होऊ दे ताई. मग मी लगेच विषय काढते."

आमच्या घरात अळणी भात एकाच वेळी शिजवतात, दहाव्याला. पिंडांसाठी. मालकांच्या दहाव्याला तो मीच शिजवला होता, आणि मिठाच्या डब्याकडे जाणारा हात मागं घेताना मला रडू कोसळलं होतं. आता रोज सकाळी मला तो शिजवायचा होता, पातेलंभर, एका टाकीसाठी. पहिल्या दिवशी तर माझा हात सवयीनं डब्याकडे गेला आणि तसाच मागं आला. पण नोकरी होती, केलं.

टाकीत भात ओतायचं काम घाणीचं म्हणून ठेकेदाराच्या माणसाकडे आलं, आणि ठेकेदारानं त्यावर नेमलं हणमंतदादांना. ते बादल्या न्यायला यायचे. बंद झालेलं मागचं दार आता बादल्यांपुरतं उघडायचं. पहिले दोन दिवस त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. तिसऱ्या दिवशी रिकामी बादली ठेवताना हळूच म्हणाले,

"अक्का, एक बोलू का?"

"बोला की."

"भात ब्येस हुतो. जरा मिठाचा खडा पडला असता तर..."

आणि तिथंच थांबले. चूक झाल्यासारखे खाली बघायला लागले.

मला कळायला वेळ लागला नाही. टाकीमागं बसून हा माणूस बादलीतला भात खात होता. ओतायच्या आधी चार मुठी. मशीनच्या पुढ्यातला घास. आणि त्याची तक्रार काय? मीठ नाही!

"दादा, मिरची-बिरची असते का?" एवढंच विचारलं मी.

"आणतो घरनं एक. खिशात असती."

ते गेल्यावर मी पदर तोंडाला लावला. कीव आली म्हणाल तर तसं नव्हतं. राग आला होता, इतका राग की भांडी फोडावीशी वाटली. ज्याच्या नावानं आम्ही आकडा खाली आणला, त्याच माणसाच्या हातानं भात टाकीत ओतून घेत होते, आणि त्यानं त्यातले चार घास घेतले तर चोरून घ्यायचे!

दुसऱ्या दिवशी पातेल्याला आधण आलं आणि मी मिठाचा डबा उघडला. मूठभर घातलं. चव बघितली, अजून घातलं. थोडी हळद टाकावी असं मनात आलं, पण रंग दिसला असता. हणमंतदादा बादली घेऊन गेले आणि परत आले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या भुवयांखालचे डोळे हसत होते.

"आज बरं केलंत अक्का," ते म्हणाले.

"गप बसा. कुणाला बोलू नका."

"मी कुणाला बोलतोय?"

चार दिवस असं चाललं. त्या चार दिवसांत मला स्वयंपाक करावासा वाटत होता. मी तांदूळ निवडून, धुऊन लावत होते, खाली लागू देत नव्हते. पुढं जे झालं ते त्या मिठानं झालं, हे मला माहीत आहे. पण कुणी विचारलं की पश्चात्ताप होतो का, तर नाही. माणसाला अळणी वाढायचं नसतं. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा घालीन.

पाहुणे यायच्या दोन दिवस आधी प्लांटवाल्यांचा माणूस तपासायला आला. टाकीतलं पाणी नळीत घेतलं, काहीतरी बुडवून बघितलं आणि त्याचं तोंड वाकडं झालं. क्षार वाढलाय म्हणाला. ऋजुता मॅडम धावत भटारखान्यात आल्या.

"ताई, भातात मीठ घालताय का?"

"सवयीनं पडलं असेल."

"अहो, रोज? त्यांनी बजावून सांगितलं होतं! जंतूंना मीठ सोसत नाही!"

"आणि माणसाला उपास सोसतो?"

त्यांना काही कळलं नाही. पण त्या प्लांटवाल्याला संशय आला, की टाकीत कुणी भलतंसलतं ओततंय. त्यानं कॅमेरा बघायला सांगितलं. टाकीवर कॅमेरा होता हे मला ठाऊकच नव्हतं. तिथं सापडलं सगळं. टाकीच्या आडोशाला, तिच्या पायथ्याशी बसून हणमंतदादा जेवतायत. बादलीच्या झाकणावर भात घेतलाय, बाजूला मिरची. जेवायच्या आधी हात जोडतायत. ते चित्र सिक्युरिटीच्या खोलीत चार-पाच जणांनी बघितलं, आणि त्यातला एकजण हसला म्हणे.

दुपारी हणमंतदादांना गेटबाहेर काढलं. ठेकेदारानं येऊन सांगितलं, "कंपनीच्या मालाला हात लावला, उद्यापासून येऊ नको." ते माझ्या दारापर्यंत आले, पण सिक्युरिटीवाला सोबत होता. मला म्हणाले, "अक्का, तुमचं नाव न्हाई घेतलं मी." आणि पिशवीतून रिकामा डबा काढून उगीच परत पिशवीत घातला.

मी तशीच ओल्या हातानं ऋजुता मॅडमच्या केबिनमध्ये गेले.

"मॅडम, त्या माणसाला परत घ्या. मीठ मी घातलं. मला काढा."

"ताई, तुमच्या मिठाचा प्रश्न नाहीये. त्यानं फीड खाल्लं."

"काय खाल्लं?"

"म्हणजे... प्लांटचं खाणं."

"भात होता तो. मी शिजवलेला."

"मला कळतंय हो," त्या म्हणाल्या, आणि खरंच त्यांचे डोळे भरले होते. "मलाही वाईट वाटतंय. पण परवा पाहुणे आहेत. आत्ता हा विषय उघडला तर सगळं विचारतील. रोज किती भात शिजवतो, का शिजवतो. सगळ्यांची वर्षाची मेहनत वाया जाईल. तुमचीसुद्धा."

"आणि कार्ड? तुम्ही शब्द दिला होता."

"वाचलेलं धान्य सगळं प्लांटकडे लावलंय वरून. माझ्या हातात नाही आता ते." मग डोळे पुसून त्या एकदम कामाच्या आवाजात म्हणाल्या, "परवा पाहुण्यांच्या हातानं टाकीत पहिला घास घालायचाय. बादली बरी दिसत नाही. तुम्ही भात पितळी परातीत, केळीच्या पानावर छान मांडून आणाल? जरा पारंपरिक दिसलं पाहिजे."

"पारंपरिक?"

"हो. आपल्याकडे कसं करतात तसं. तुम्हाला जास्त माहिती."

"आणते," मी म्हटलं.

पाहुणे यायच्या दिवशी मी लवकर उठून आंघोळ केली. कंपनीत जाऊन भात लावला. या वेळी मिठाच्या डब्याकडे हात गेलाच नाही. भात निवला तसा हातानं मळला आणि तीन गोळे वळले, मुठीएवढे, गुळगुळीत. बाईमाणसानं हे करू नये म्हणतात. मला कोण अडवणार होतं? परातीत केळीचं पान घातलं, त्यावर तिन्ही ओळीनं ठेवले, आणि घरून आणलेल्या पुडीतले काळे तीळ वर सोडले. बाजूला पाण्याचा तांब्या.

टाकीपाशी मांडव घातला होता. झेंडूच्या माळा, नारळ, फोटोवाला. दिल्लीचे पाहुणे म्हणजे एक वयस्कर, शांत गृहस्थ, पांढरा शर्ट, चष्मा. एका बाजूला साहेब लोक, समोर कायमचे कामगार ओळीनं, आणि पार मागं, भिंतीला लागून, ठेकेदाराची माणसं. मी परात घेऊन आले.

आधी पुढच्या ओळीतल्या एकानं बघितलं. मग त्याच्या शेजारच्यानं. बघता बघता सगळी ओळ गप्प झाली. फाउंड्रीतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं डोक्यावरचं हेल्मेट काढून हातात घेतलं. मागच्या भिंतीकडच्या बायकांनी डोक्यावर पदर घेतला.

ऋजुता मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. शेवटी त्याही मराठीच घरातल्या. त्या माझ्या कानाशी आल्या. "ताई, हे काय केलंत? हे... हे पिंड आहेत!"

"पारंपरिक म्हणाला होता ना?"

"कुणाचे?"

"तुमच्या शब्दाचे," मी म्हटलं. "माणसाच्या नावानं घातले असते, पण तो जिवंत आहे अजून. शब्द मेला ना? मग त्याचं काहीतरी करायला नको?"

त्यांनी परातीला हात घातला, पण तेवढ्यात पाहुणे पुढं आले. "वाह! बहुत सुंदर! ये यहाँ की परंपरा है?"

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. काय सांगणार? साहेब, हे मेलेल्या माणसाला घालतात, असं सांगितलं की पुढचा प्रश्न आलाच, कोण मेलं? त्या हसल्या. कसनुसं, पण हसल्या. "जी सर," म्हणाल्या, "यहाँ की पुरानी परंपरा है."

"और ये काले तिल?"

"तृप्त होण्यासाठी, साहेब," मी सांगितलं, आणि मॅडमना ते हिंदीत सांगावं लागलं. "दक्षिणेकडे तोंड करून घालतात."

आणि तो भला माणूस दक्षिणेकडे वळला हो! बूट काढले, पहिला गोळा दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले आणि टाकीच्या तोंडात सोडला. मग दुसरा, मग तिसरा. मी तांब्यातलं पाणी सोडलं. फोटोवाला पटापट फोटो काढत होता. मागच्या भिंतीकडून कुणीतरी हुंदका दिला. पाहुण्यांना वाटलं, भक्तीनं दिला.

भटारखान्यात येऊन मी एप्रन खुंटीला अडकवला आणि कायमची निघाले. मला कुणी काढलं नाही आणि कुणी थांबवलंही नाही. निघण्याआधी पातेल्यात थोडा तांदूळ लावला, मीठ घालून, वर फोडणी दिली, आणि डबा घेऊन हणमंतदादांच्या खोलीवर गेले. कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, आदल्या दिवशीच गेले, कर्नाटकाकडे वीटभट्टीवर कुणी ओळखीचं आहे म्हणत होते. जायच्या आधी दाढी करून गेले, एवढं तिच्या लक्षात होतं. मी डबा परत घेऊन आले. तो माणूस मला पुन्हा कधी भेटला नाही.

बक्षीस मिळालं. ऋजुता मॅडम त्या बक्षिसावर मोठ्या कंपनीत गेल्या, मुंबईला. जाताना मला फोन आला होता, मी उचलला नाही.

मी एमआयडीसीच्या नाक्यावर खानावळ टाकली. ठेकेदाराची माणसं माझ्याकडे जेवतात, ज्यांना परवडतं ती. परवा रंजना म्हणून एक बाई आली होती, त्याच कंपनीत झाडू मारते, नवी आहे. दमलेली होती. मी विचारलं, आज उशीर का?

"आज सोहळा होता अक्का. अन्नार्पण."

"कसलं?"

"दरवर्षी असतं, ह्याच दिवशी. गेटवर मोठा फोटो लावलाय, पहिल्यांदा कुणी दिल्लीवाल्यांनी केलं होतं त्याचा. मोठे साहेब येतात, परप्रांतातले आहेत ते. दक्षिणेला तोंड करून टाकीत तीन गोळे घालतात, तीळ लावून. कँटीनच्या भिंतीवर लिहूनच ठेवलंय, भातात मीठ नको म्हणून."

मी चमचा खाली ठेवला. "ती टाकी चालते अजून?"

"कुठली चालतेय! तळ गंजून गेलाय. कधीपासून बंद आहे. पण सोहळा करतात."

"आणि तिथं कुणी सांगत नाही त्यांना, हे काय असतं ते?"

रंजनानं मान हलवली. "कोण सांगणार? सगळे हात जोडून उभे राहतात. मला शेजारची म्हणाली, तुझं कुणी इथून काढलं असेल, कुणी भट्टीत भाजलं असेल, त्याचं नाव घे मनात. मी माझ्या दिराचं घेतलं."

मी विचारलं, "आणि तुम्हा लोकांना कँटीनचं कार्ड दिलं का गं त्यांनी?"

"कसलं कार्ड, अक्का?"

मी तिच्या ताटात भात वाढला. तिनं एक घास खाल्ला आणि मीठ बरोबर आहे म्हणाली.